तेविसावा हत्ती

राजगणपतीला घेऊन गाडीत पुढं कोण बसणार, या एका प्रश्नावर आमच्या घरात सकाळचे दोन तास गेले. तेवढ्यात पेणहून पालवला जाऊन परत येता आलं असतं. बाबांचं म्हणणं होतं की कारखाना त्यांचा, गणपती त्यांच्या देव्हाऱ्यातला, तेव्हा मांडीवर तेच घेणार. आजी चपला घालून आली, पुढचं दार उघडून बसली, नव्या टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं मांडीवर ठेवलं आणि त्यावर पदर ओढला. बाबा मुकाट्यानं मागं जाऊन बसले आणि मी गाडी सुरू केली. घरतांच्या घरात बहुतेक निर्णय असेच होतात. पुरुष चर्चा करतात आणि इंदुबाई बसून घेते.

राजगणपती म्हणजे पूर्ण मूर्ती नव्हे, नुसतं शीर. नारळाहून थोडं मोठं, सोंड वर उचललेली, कान मागं टेकलेले. पाठ सपाट, त्यामुळे देव्हाऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवता येई. आमच्या कारखान्याच्या पाटीवर नावाच्या आधी 'राजमूर्तिकार' असा जो लांबलचक शब्द आहे तो याच शिराच्या जोरावर. माझे पणजोबा रघू घरत हे मूळचे मिठागरावरचे. पालवच्या राजानं रोह्याच्या पुढं, कुंडलिकेच्या काठावर राजवाडा बांधायला काढला तेव्हा दरबारातलं सगळं नक्षीकाम पणजोबांनी केलं आणि राजानं खूश होऊन हे शीर त्यांना दिलं, अशी आमची कथा. आजोबांच्या तोंडी या कथेत एक शाल आली. बाबांच्या वेळेपर्यंत राजा सिंहासनावरून उठून उभा राहू लागला. मी कारखान्याची वेबसाइट केली तेव्हा त्यात एक घोडा घातला. घोडा कशासाठी दिला असेल, त्याचं मिठागरावर काय केलं असेल, हे मला आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलेलं नाही.

शिवाय राजगणपती वाढत असे. दरवर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी शेवटची मूर्ती कारखान्यातून गेली की उरलेला रंग राजगणपतीला द्यायचा, ही आमच्या घरची रीत. त्यावर डोळ्यांची आखणी घरातला सगळ्यात चांगला हात करणार. गेली नऊ वर्षं ती मी करतोय. आखणी झाली की बाबा सोंडेच्या मुळाशी दोरा गुंडाळून मोजत आणि दोरा मागच्या वर्षीपेक्षा गव्हाभर जास्त लागला की डोळे मिटून हात जोडत. वडखळपासून माणसं बघायला येत. सत्तर-ऐंशी वर्षं आम्ही आमच्या हातानं रंगावर रंग चढवत होतो आणि देव फुगतोय म्हणून नमस्कारही करत होतो. जन्मभर रंगात हात घातलेल्या माणसांच्या हे लक्षात येऊ नये, याला वेगळीच अक्कल लागते.

या शिराचा साचा काढून आजोबांनी, म्हणजे सखा घरतांनी, 'राजवाडा मॉडेल' सुरू केलं. आमचा सगळा संसार त्या एका मॉडेलवर उभा आहे. रबराचा साचा दोन-चार हंगामांत झिजतो, सोंडेची कड बोथट होते, मग मूळ शिरावरून नवा काढावा लागतो. म्हणजे शीर ज्याच्याकडे, धंदा त्याच्याकडे. अकरा वर्षांपूर्वी आजोबा गेले तेव्हा बाबांनी शीर दिलं नाही आणि जगनकाका रोह्याला निघून गेला. तिथं तो कंपनीत शिफ्ट करतो आणि घरामागच्या शेडमध्ये साधे गणपती करतो. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचंच झालं तर दिपिकाकाकीमार्फत.

त्या वैशाखात आजीनं अचानक जाहीर केलं होतं, की शीर कुणाकडे राहणार ते ती पालवच्या राजवाड्यात सांगेल. माझी धाकटी बहीण मनस्वी तिथं तीन महिने कामाला होती. जुन्या इमारतींची डागडुजी करायचं शिक्षण तिनं घेतलंय. दरबाराची नक्षी दुरुस्त होत होती, तिनं फोन करून सांगितलं, की राजगणपती घेऊन सगळे या, दुरुस्तीचं काम बघणाऱ्या वनिता मॅडमना तो बघायचाय. पणजोबांच्या नावाची पाटी लागणार असा बाबांनी त्याचा अर्थ लावला आणि पाटीचा मजकूर लिहायला घेतला. मनस्वी असं काही म्हणाली नव्हती. ती काय म्हणाली नव्हती हे आम्हाला राजवाड्यात कळलं.

निघायच्या दिवशी आजी लवकर उठून विळीवर काहीतरी चिरत बसली होती. मी काय चिरतेस विचारलं तर पडवळ म्हणाली.

कोलाडच्या नाक्यावर काका आणि काकी उभे होते. काकानं कंपनीच्या वर्धापनदिनाचा शर्ट घातला होता, कारण फोटो निघणार होते. गाडीत बाबा एका खिडकीला, काका दुसऱ्या खिडकीला आणि मधे काकी, डोक्यावर पदर घेऊन. चहाच्या टपरीवर डबा उघडला तर त्यात चवळी निघाली. पडवळ कुठंय, असं मी म्हणालो, पण माझ्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. पाटीवर पणजोबांच्या नावाखाली कुणाचं नाव लागणार यावर बाबांचं आणि काकाचं, काकीच्या मार्फत, सुरू झालं होतं.

"दिपिका, तुझ्या नवऱ्याला सांग, पाटीवर नातवाचं नाव येतंय ते मोठ्याचं."

काकीनं काकाकडं वळून तेच सांगितलं. काका म्हणाला, की दादाला सांग, पाटीवर नाव यायला मूर्ती करावी लागते, साचे ओतून येत नाय. काकीनं हे बाबांना सांगताना साच्यांचं वाक्य गाळलं. अकरा वर्षांत तिनं गाळलेली वाक्यं जमवली असती तर एक वेगळी कादंबरी झाली असती. पुढच्या सीटवर आजी गाठोड्यावर हात ठेवून बाहेर बघत होती. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं ती जप करतेय.

पालवचं संस्थान एवढं लहान, की राजा सायकलवर निघाला तर दुपारच्या जेवणाला राज्याची फेरी मारून परत यावा. राजवाडा मात्र राजानं हात राखून बांधला नव्हता. दारातच दगडी जाळ्या, एकीत वेल, एकीत मासे, एकीही दुसरीसारखी नाही. आत रंगीत काचांतून ऊन फरशीवर सांडलेलं, लोखंडी गोल जिना, सागवानी खांबांवर कोरलेले राघू. आम्ही चपला काढल्या. खरं तर काढायची गरज नव्हती, पण आमच्या कथेप्रमाणे हे आमचंच काम होतं आणि आपल्या कामावर चपला घालून कोण फिरतं.

बाबांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. ते प्रत्येक गोष्टीला हात लावून सांगत होते, की हे रघू आजोबांचं. जाळ्या आजोबांच्या. राघू आजोबांचे. जिन्यालाही हात लावून ते तेच म्हणाले, तेव्हा काकानं जिन्याच्या पायावर ओतीव अक्षरांत परदेशातल्या गावाचं नाव होतं तिकडं काकीला बोट दाखवलं. बाबांनी ते वाचलं आणि पाहुण्याचा फाटका मोजा न दिसल्यासारखं करावं तसं पुढं गेले. मी त्यांना हसलो असतो, पण मी घोडा घातला होता.

मनस्वी दरबाराच्या दारात भेटली. अंगावर चुन्याचे डाग, केसांना फडकं. तिनं आजीच्या पायाला हात लावला आणि गाठोड्याकडं एकदा बघून नजर काढून घेतली. तिनं नंतर मला सांगितलं, की कामाला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला जे दिसलं त्यानंतर तिनं तीन महिने घरी फोन करताना राजगणपतीचं नाव घेणं टाळलं होतं. मॅडमना सांगावं तर बापाची पाटी उतरणार. न सांगावं तर ज्या भिंतीची दुरुस्ती ती करतेय तिच्यावरची सगळ्यात मोठी मोडतोड तिच्याच घरात आहे. शेवटी तिनं आजीला फोनवर विचारलं होतं. आजी फक्त एवढंच म्हणाली होती, की आम्ही येतो.

वनिता मॅडम पुण्याच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आमचं स्वागत केलं, बाबांच्या हातातला हार कुणाला घालायचा म्हणून विचारलं आणि तो टेबलावर ठेवून घेतला. मग त्यांनी वर बोट केलं.

दरबाराच्या भिंतीवर, छताच्या खाली, चुन्याच्या गिलाव्यात घडवलेली हत्तींची मिरवणूक चारही बाजूंनी फिरत होती. हत्ती चालताहेत सिंहासनाकडं, पण माना वळवून बघताहेत खाली, आपल्याकडं. माना भिंतीतून पुरत्या बाहेर आलेल्या. प्रत्येकाची सोंड वर उचललेली, कान मागं टेकलेले. काकीनं पहिल्यांदा तोंडावर हात ठेवला. मग काकानं मोजायला सुरुवात केली, कारण कंपनीत त्याला काहीही मोजायची सवय आहे. एकूण चाळीस होते. तेविसाव्याला शीर नव्हतं.

मग बाबा म्हणाले, "हा करायचा राहून गेला असंल."

त्यांचा आवाज असा लागला, की मला त्यांच्याकडं बघवेना.

मॅडमनी आजीकडं हात पुढं केले आणि आजीनं गाठोडं दिलं. टॉवेल सुटला. रंगांच्या थरांखाली गुबगुबीत झालेला, माझ्या हातच्या डोळ्यांनी शांत बघणारा राजगणपती त्या दरबारात फार गरीब दिसत होता. मॅडमनी त्याची पाठ वळवली. पाठीला आम्ही कधी रंग दिलाच नव्हता. पांढरा चुना, मधोमध गंजलेल्या तारेचं टोक आणि काथ्याचे चार धागे. आम्ही तिघे मूर्तिकार आणि तुटलेलं काय नि घडवलेलं काय हे ओळखायला त्या बाईंना दोन क्षण पुरले.

"वर लावून बघूया का?" मॅडम म्हणाल्या.

परांची बांधलेलीच होती. बाबा चढायला निघाले. काकानं आधी काकीला उद्देशून सांगितलं, की पट्टा घातल्याशिवाय उंचीवर काम करायचं नसतं. मग काकीची वाट न बघता त्यानं स्वतःच बाबांच्या कमरेला पट्टा अडकवला आणि शीर घेऊन मागोमाग चढला. वर दोघांना एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागलं. बाबांनी सोंडेखाली हात दिला, काकानं कानांमागं. मनस्वी बाजूनं टॉर्च धरून सांगत होती, जरा डावीकडं, जरा वर. रंगानं फुगलेले कान शेजारच्या गिलाव्याला घासले. तरी पाठ मानेला लागली. तारेचं टोक भिंतीतल्या तारेला टेकलं आणि खाली उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना एक बारीक आवाज ऐकू आला.

काका म्हणतो, त्या वेळी त्याला आपण जिंकलो असं वाटलं, कारण दादाचा माज उतरला होता. मग त्यानं बाजूला बघितलं. बाबांच्या हनुवटीवरून पाणी सोंडेवर गळत होतं आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. मग काकाला वाटलं, आपण काहीच जिंकलो नाय. बाबांच्या मनात काय होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. शीर घेऊन खाली उतरल्यावर ते भिंतीला टेकून फरशीवर बसले आणि म्हणाले, की पाटी उद्याच उतरवतो.

मॅडमनी मग जितकं मऊ सांगता येईल तितकं सांगितलं. कारागिरांच्या जुन्या हजेरीत रघू घरत हे नाव आहे, पण ते चुना वाहून नेणाऱ्यांत. दरबाराच्या पहिल्या दिवशीच्या फोटोतही तेविसाव्याला शीर नाही. म्हणजे ते आधीच पडलं होतं. बाबा म्हणाले, राजानंच दिलं असंल. पडलेलं दिलं असंल. देतात माणसं.

"राजानं नाय दिलं," आजी म्हणाली.

ती दरबारात कुणी न सांगता खुर्ची ओढून बसली होती. सिंहासनाच्या बरोबर समोर.

"सासऱ्यांच्या डोक्यावर चुन्याचं घमेलं होतं. वर चढताना खांद्यावरचा बांबू लागला आनि हे शीर खाली आलं. ते लय घाबरलं. घमेल्यात टाकून वर चुना ओतला नि घरी आनलं. रडून रडून पाया पडलं त्याच्या, म्हनून देव्हाऱ्यात ठेवलं. कोनी विचारलं कुठून आनलं, तर तोंडातून निघालं, राजानं दिलं."

"तुला कोनी सांगितलं?" काकानं विचारलं.

"त्यांनीच. जाताना. घरात तवा मीच होते. म्हनाले, इंदू, ते परत दे. मी व्हय म्हनाले."

मी हिशेब केला. पणजोबांना जाऊन सेहेचाळीस वर्षं झाली होती.

आजीनं पदर सारखा केला. "तुमच्या बापानं तवा नुकताच साचा काढला होता. पहिल्यांदा घरात दोन्ही वेळचं शिजायला लागलं. शिवा अंगावर पीत होता, जगन पोटात. मी म्हनाले, पोरं मोठी होऊ देत, मग देऊ. मग पोरं भांडायला लागली. ज्या देवावरून भांडत होती तो देव कोनाचा ते मलाच ठाव होतं, आनि मी गप बसले. भांडन मी लावलं म्हना तुम्ही."

तिनं हे रडत सांगितलं नाही. गिऱ्हाईक आलं की नगाची किंमत सांगते त्या आवाजात सांगितलं. पण हातातला टॉवेल ती घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घडी घालत होती. गाडीत ती जप करत नव्हती हे मला तेव्हा कळलं. ती हे सगळं पाठ करत होती.

काकी तिच्याजवळ जाऊन बसली. त्या दिवशी प्रथमच ती कुणाचाही निरोप न पोचवता स्वतःचं वाक्य बोलली. ती म्हणाली, आत्या, बरं केलंस गो.

आता आम्ही काय केलं ते सांगायची मला लाज वाटते, पण गोष्टीत सगळ्यांची लाज लिहून स्वतःची गाळायची हा काही न्याय नव्हे. पाच मिनिटं आम्ही वर हत्तींकडं बघत बसलो आणि सहाव्या मिनिटाला आम्हा तिघांनाही धंदा आठवला. बाबांनी काकाकडं बघितलं, काकानं माझ्याकडं. बोललो मीच. शीर द्यायचं तर देऊच, मी मॅडमना म्हणालो, पण त्याआधी एक शेवटचा साचा काढून घेतला तर शिराला काही होत नाही. अर्ध्या दिवसाचं काम. काका लगेच म्हणाला, दोन काढू, एक पेणला, एक रोह्याला, म्हणजे भांडणच नको. अकरा वर्षांत बाबांनी काकाच्या बोलण्याला पहिल्यांदा मान हलवली. घरतांची एकी अशी झाली.

मॅडम काही बोलायच्या आत आजी म्हणाली, "त्यांनी नेलं ते भ्यायले म्हनून. तुम्ही कशापायी नेताव?"

बाबा हळूच म्हणाले, की घरी एक साचा हाय, तो दोन हंगाम तरी चालंल, तोवर काहीतरी बघू.

"तो नाय. तो मी सकाळी विळीवर चिरला."

पडवळ कुठं गेलं ते तेव्हा कळलं. काका फुटल्यासारखा हसायला लागला. बाबा त्याच्याकडं रागानं बघत होते, मग त्यांचेही खांदे हलायला लागले. पणजोबांनी जिथं घाबरून घमेल्यात चुना ओतला होता त्याच दरबारात, चाळीस हत्तींच्या देखत, आम्ही राजमूर्तिकार फरशीवर बसून हसत होतो, आणि आम्हाला पुढच्या हंगामाचा गणपती कसा करायचा ते ठाऊक नव्हतं.

शीर तिथंच राहिलं. रंग काढायला पंधरा दिवस लागले आणि मॅडमनी त्या कामाला मनस्वीबरोबर मला बोलावलं. कुणी कुठला रंग वापरला ते मी सांगू शकेन म्हणून. बारीक पात्यानं थर उचलत गेलो. सगळ्यात वर माझे डोळ्यांचे नऊ जोड निघाले. वेबसाइटवर ज्यांना मी 'जिवंत' म्हणतो ते एकाखाली एक पाहताना सगळे एकसारखे झोपाळू दिसले. मग बाबांचे, रागीट. मधल्या एका थरापाशी मनस्वी थांबली आणि हे कुणाचे म्हणाली. भुवई अशी वळली होती, की बघणाऱ्याला आपल्यालाच काहीतरी विचारतोय असं वाटावं. तो काकाचा हात होता. बाबा टायफॉइडनं पडले होते त्या वर्षीचा. घरातला सगळ्यात चांगला हात कुणाचा होता ते आमच्या देव्हाऱ्यात इतकी वर्षं लिहिलेलं होतं आणि बाबांनी पुढच्याच वर्षी त्यावर रंग दिला होता. मी त्याचा फोटो बाबांना पाठवला. फोटोखाली निळ्या खुणा आल्या, म्हणजे त्यांनी तो बघितला.

त्याखाली आजोबांचे. सगळ्यात खाली, थेट चुन्यावर, ब्रश न लावता बोटानं काढलेले दोन काजळाचे डोळे. एक मोठा, एक लहान. ज्यानं आयुष्यात कधी डोळा काढला नव्हता अशा माणसाचे. मनस्वीनं पातं खाली ठेवलं. मॅडम आल्या, बराच वेळ वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, की हा थर राहू दे, याची नोंद मी करते.

आता तेविसावा हत्ती जागेवर आहे. बाकीचे एकोणचाळीस ऐटीत खाली बघतात आणि हा एकटा हातून काही चुकून सांडल्यासारखा. खाली छोटी पाटी लागली आहे. तिच्यावर लिहिलंय, की हे शीर पेणच्या घरत कुटुंबाकडं सुरक्षित होतं. 'सुरक्षित' हा शब्द मॅडमनी घातला. बाबांनी तो तीनदा वाचला आणि त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. आजीला आम्ही विचारलं, तुझा काढू का. ती नको म्हणाली. तिनं वर बघून एकदा हात जोडले आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. या वेळी मांडी मोकळी होती. वडखळ येईपर्यंत तिला गाढ झोप लागली होती.

कारखान्यावरची पाटी बाबांनी उतरवली नाही, फक्त 'राज' एवढ्या अक्षरांवर पांढरा रंग मारला. रंग पातळ होता, अजून वाचता येतं. मग त्यांनी शाडूचा गोळा घेतला आणि बसले. तीस वर्षं साचे ओतलेल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा गणपतीचं शीर हातानं करायला घेतलं. पहिलं झालं ते हुबेहूब माझ्या मामासारखं दिसत होतं. दुसऱ्याची सोंड वाळता वाळता गळून पडली. तिसरं त्यांनी स्वतःच मोडलं. आजी दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

चौथा गोळा मळता मळता बाबांनी चिखलाच्याच हातानं फोन उचलला. मला वाटलं काकीला लावतात. पण पलीकडून काकाचा आवाज आला.

"जगन," बाबा म्हणाले, "सोंड तुला जमायची ना रे, लहानपणी?"

पलीकडं कंपनीचा भोंगा वाजला. तो संपेपर्यंत बाबा फोन कानाला लावून थांबले. त्यांच्या कोपरावरून शाडू ओघळत होता.

"उद्या फर्स्ट शिफ्ट हाय," काका म्हणाला. "परवा येतंय. तोवर तू हात लावू नकोस, दादा, बिघडवशील."

आजीनं सूप खाली ठेवलं, आत गेली आणि काकाची जुनी कोरणी शोधायला लागली.